फुगा वर जातो, परत काय येते?

१९२८ सालच्या ऑक्टोबरात पुण्यातून रबराचे मोठे फुगे आकाशात सोडण्यास सुरुवात झाली. त्याच वर्षी हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्याला हलले होते. प्रत्येक फुग्याखाली एक हलके यंत्र टांगलेले असे. हवेचा दाब, तापमान आणि आर्द्रता यांची ते नोंद करी. ही नोंद म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या छोट्याशा पत्र्यावर सुईच्या टोकाने उठलेला बारीक ओरखडा. तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून वाचावा लागे.

यंत्रात रेडिओ नव्हता. फुगा वर जाई, वरच्या विरळ हवेत फुगत फुगत शेवटी फुटे आणि यंत्र खाली येई. ते कुठल्या तरी शिवारात, माळावर किंवा ओढ्याकाठी पडे. जोवर कोणी ते उचलून वेधशाळेकडे पाठवत नाही, तोवर इतक्या खटाटोपाचे फळ शून्य! म्हणून यंत्राबरोबर एक चिठ्ठी असे. हे यंत्र न उघडता परत करणाऱ्यास बक्षीस मिळेल, अशा आशयाची.

हे यंत्र साधारण कुठे पडत असेल? वर्गात करण्याजोगे हे गणित आहे. समजा, फुगा सेकंदाला ५ मीटर वेगाने चढतो. १८ किलोमीटर उंची गाठायला त्याला तासभर लागेल. हिवाळ्यात आपल्याकडे वरच्या थरांत वारे पश्चिमेकडून वाहतात. त्यांचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटर धरला, तर तासाभरात फुगा ५४ किलोमीटर पूर्वेला सरकेल. खाली येतानाचे अंतर त्यात मिळवा. पुण्याच्या पूर्वेला इतक्या अंतरावर काय आहे ते नकाशात पाहा. दौंड, आणि तिथून पुढे बारामती व इंदापूर. म्हणजे पुण्याच्या वेधशाळेचा हिवाळ्यातला ‘टपालवाला’ याच पट्ट्यातला एखादा शेतकरी किंवा गुराखी असणार, असे हे गणित सांगते.

अशा फुग्यांच्या नोंदींतून विज्ञानाला काय मिळाले? के. आर. रामनाथन यांनी १९२९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की वातावरणातील सर्वांत थंड हवा ध्रुवांवर नसून विषुववृत्ताच्या आसपास, सुमारे १७ किलोमीटर उंचीवर असते. पुणे आणि हैदराबाद येथून ऑक्टोबर १९२८ ते डिसेंबर १९३१ या काळात सोडलेल्या फुग्यांच्या नोंदींचे विवेचन त्यांनी पुढे के. पी. रामकृष्णन यांच्यासह प्रसिद्ध केले. त्यामागे, चिठ्ठी वाचून किंवा कोणाकडून तरी वाचून घेऊन यंत्र परत करणारे अनेक अनाम हात होते.

ही गोष्ट सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे. आकाशातल्या फुग्यांवरून खेडोपाडी इंटरनेट पोहोचवण्याचा एक मोठा प्रयोग २०१३ ते २०२१ या काळात जगात झाला. तो गाजला आणि बंदही पडला. त्याविषयी लिहिताना बहुतेक वेळा फुगा किती उंच गेला हे सांगितले जाते. आम्हाला मात्र त्याचा इतिहास दुसऱ्या टोकाने तपासून पाहावासा वाटतो. फुगा वर गेला हे खरे. पण खालून वर आणि तिकडून परत काय आले?

वेढ्यातले पॅरिस

फुग्याने निरोप पाठवण्याची पहिली मोठी व्यवस्था युद्धातून जन्मली. सप्टेंबर १८७० मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला. रस्ते बंद झाले, तारा तुटल्या. तेव्हा पॅरिसकरांनी फुगे सोडले. वेढा जानेवारी १८७१ मध्ये उठेपर्यंत साठाहून अधिक फुगे शहराबाहेर गेले आणि त्यांतून वीस लाखांहून अधिक पत्रे गेली.

पण फुगा वारा नेईल तिकडे जातो. पॅरिसबाहेर जाणे सोपे होते, कारण बाहेर कुठेही उतरले तरी चालण्यासारखे होते. बाहेरून नेमके पॅरिसवर उतरणे मात्र जवळजवळ अशक्य. मग पत्रांची उत्तरे कशी यायची? फुग्यांतून जाताना कबुतरे बरोबर नेली जात. पत्रांची अतिशय लहान छायाचित्रे पातळ पटलावर घेऊन ती कबुतराच्या पिसाला बांधत. कबुतर घराकडे परते. शहरात ते पटल पडद्यावर मोठे करून दाखवत आणि कारकून मजकूर उतरवून घेत.

जाण्याचा मार्ग एक, येण्याचा दुसरा, आणि येण्याचा अधिक कठीण! दळणवळणाच्या इतिहासात हे पुढे पुन्हा पुन्हा घडलेले दिसते.

आरसा आणि पडदा

कृत्रिम उपग्रहांद्वारे संदेशवहनाच्या सुरुवातीच्या प्रयोगांतही एक फुगा होता, हे अनेकांना ठाऊक नसते. १२ ऑगस्ट १९६० रोजी अमेरिकेच्या ‘नासा’ने ‘इको–१’ नावाचा, धातूचा मुलामा दिलेला, सुमारे ३० मीटर व्यासाचा फुगा पृथ्वीभोवती सुमारे १,६०० किलोमीटर उंचीवरून फिरता ठेवला. त्यात संदेश घेऊन पुन्हा पाठवणारे यंत्र नव्हते. तो केवळ आरसा होता. जमिनीवरून सोडलेल्या रेडिओलहरी त्याच्यावर आपटून दुसरीकडे परतत. परतणारा अंश इतका क्षीण असे, की तो टिपायला अवाढव्य शिंगाच्या आकाराचा अँटेना लागे. आरशावर भागणार नाही, वर लहर घेऊन तिला बळ देऊन परत पाठवणारे यंत्र हवे, हे त्यातून स्पष्ट झाले.

आपल्या पुणे जिल्ह्यातच, जुन्नर तालुक्यातल्या आर्वी येथे, १९७० च्या दशकाच्या आरंभी उपग्रह भूकेंद्र उभे राहिले. परदेशांशी होणारे दूरध्वनी त्यावरून जात. परदेशी निघालेले संभाषण जुन्नरच्या शिवारावरून जाई. त्या शिवारातल्या माणसाला मात्र फोन करायचा तर तालुक्याचे टपाल कार्यालय गाठावे लागे. दूरचे जोडले जाते आणि जवळचे राहून जाते, हाही या इतिहासातला एक नित्याचा अनुभव.

खेड्यांसाठी खास आखलेला मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात झाला. ‘साइट’ या नावाने तो ओळखला जातो. नासाचा एटीएस–६ हा उपग्रह वर्षभरासाठी उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवली गेली. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. परंतु प्रयोग उभा करणाऱ्यांत यशपाल यांच्याबरोबर कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस हे प्रमुख होते. खेड्यांतला अँटेना कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीचा बनवलेला होता, कारण तो स्वस्त आणि दुरुस्त करण्यास सोपा असायला हवा होता. प्राथमिक शाळांतल्या सुमारे ५० हजार शिक्षकांना या वर्षात विज्ञानाचे प्रशिक्षण मिळाले.

मात्र दूरचित्रवाणी एकतर्फी असते. पडद्यावरच्या माणसाला पाहणारा प्रश्न विचारू शकत नाही. ही उणीव आखणाऱ्यांना ठाऊक होती. म्हणून शिक्षकांच्या प्रशिक्षणात केवळ पडद्यावर विसंबून न राहता जागेवर साहित्य आणि मार्गदर्शकही दिले होते. पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी भारताने केवळ शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा उपग्रह सोडला. त्यात निवडक केंद्रांवरून विद्यार्थ्यांना प्रश्न विचारण्याची सोय होती. तीस वर्षांनी का होईना, परतीची वाट उघडली.

बारामती: प्रश्न विचारणारे टोक

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांची एक खोड आहे. नकाशात ते शेजारी, पण प्रत्येकाच्या पोटात दोन तालुके आहेत. नीरेचा डावा कालवा १८८५ सालचा. त्याच्या पाण्याखालचा भाग बागायत. तिथे ऊस, साखर कारखाने, वालचंदनगरसारखे उद्योग. मोरगाव-सुप्याकडचा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला, जिरायत. इंदापूरच्या उत्तर अंगाला उजनीचे पाणी आले, पण ते काठावरच्यांना. पाण्याचे जे झाले तेच पुढे वीज, रस्ता आणि दूरध्वनीचे झाले. जिथे आधीच काही आहे, तिथे नवे आधी पोहोचते.

२००० नंतरच्या दशकात बारामतीत माहिती तंत्रज्ञानाचे अनेक प्रयोग झाले. विद्या प्रतिष्ठानच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेने बसमध्ये संगणक बसवून ती बस खेड्यातल्या शाळांपर्यंत नेली. मुले संगणकाकडे येऊ शकत नाहीत, तर संगणक मुलांकडे जाईल, असा तो साधा विचार होता. याच काळात इंटेल कंपनीच्या सहकार्याने ‘वायमॅक्स’ ही मनोऱ्यावरून दूर अंतरापर्यंत बिनतारी इंटरनेट देणारी पद्धतही बारामतीत वापरून पाहिली गेली.

आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा प्रयोग मात्र आणखी वेगळा होता. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २००३ साली ‘आक्वा’ नावाचा प्रश्नोत्तरांचा मंच इंटरनेटवर सुरू केला. शेतकऱ्याने मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत प्रश्न विचारायचा, हवे तर रोगट पानाचे छायाचित्र जोडायचे. उत्तरे देणाऱ्या तज्ज्ञांत बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राचे तज्ज्ञ होते.

यात तांत्रिक चमत्कार काही नाही, असे कोणी म्हणेल. पण नीट पाहा. उसावर लोकरी मावा दिसला, तर शेतकरी विचारणार, ‘पानावर पांढरे आले आहे, काय फवारू?’ तज्ज्ञ लगेच औषधाचे नाव सांगत नाही. तो उलट विचारतो: जात कोणती, लागण कधीची, पांढरे पानाच्या खालच्या बाजूस आहे की वरच्या? शेतकरी पुन्हा शेतात जातो, पान उलटून पाहतो आणि लिहितो. म्हणजे निरीक्षण करणे, ते नेमक्या शब्दांत मांडणे, ही विज्ञानाची पहिली पायरी इथे घडते. १९२८ साली यंत्र परत करणाऱ्याने विज्ञानाला माहिती आणून दिली. पण पत्र्यावर काय लिहिले आहे हे त्याला कोणी सांगितले नसेल. इथे माहिती देणारा आणि उत्तर मिळवणारा माणूस एकच आहे.

याच काळातील वारणेचा अनुभव याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. कोल्हापूर-सांगलीच्या सीमेवरील वारणा सहकारी परिसरात १९९८ साली सत्तर गावांत संगणक केंद्रे उभारण्याचा प्रकल्प सुरू झाला. शेतीविषयक भरपूर माहिती त्यावर मिळावी, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात केंद्रांचा मुख्य वापर झाला तो उसाचे वजन, खतांची उचल आणि बिले यांच्या नोंदी पाहण्यासाठी. २००६-०७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलवरचे लघुसंदेश वापरून हेच काम करून दाखवले. शेतकरी संदेश पाठवून आपल्या उसाचे वजन विचारी आणि उत्तर त्याच मार्गाने येई. महागडी सोय हटली आणि काम अधिक सुकर झाले! लोकांना काय विचारायचे आहे, हे आधी समजून घेतले तर केवढी बचत होते, याचा हा धडा आहे.

वीस किलोमीटरवरचा मनोरा

आता फुग्याकडे वळू. गुगल कंपनीने जून २०१३ मध्ये न्यूझीलंडमधून सुमारे तीस फुगे सोडून ‘लून’ प्रकल्प जाहीर केला. कल्पना अशी: मोबाइलचा मनोरा जमिनीवर उभारण्याऐवजी तो २० किलोमीटर उंचीवर तरंगत ठेवायचा.

याचा लाभ साध्या भूमितीतून कळतो. पृथ्वी गोल असल्याने उंचीवरून क्षितिज दूर जाते. उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ३.५७ ने गुणले, की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. ४० मीटरच्या मनोऱ्यासाठी हे उत्तर साडेबावीस किलोमीटर येते, तर २० किलोमीटरवरच्या फुग्यासाठी ५०५ किलोमीटर. विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे.

फुगा टेनिसच्या मैदानाएवढा पसरट, पातळ पॉलिथिनचा होता. एवढा मोठा का? जमिनीलगत एक घनमीटर हवेचे वजन सव्वा किलोच्या आसपास असते. २० किलोमीटरवर तेच ९० ग्रॅमच्या आसपास. जितकी हवा बाजूला सारली जाते तितकाच उचल देणारा जोर मिळतो, हा आर्किमिडीजचा नियम हवेलाही लागू आहे. हवा विरळ, म्हणून फुगा मोठा आणि खालची पेटी हलकी.

वेधशाळेचा रबरी फुगा वर जाता जाता ताणत जातो आणि फुटतो. लूनच्या फुग्याचे कापड मात्र ताणत नाही. ठराविक आकारमान झाले, की आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त राहतो आणि फुगा एका उंचीवर स्थिरावतो. ही युक्ती नवी नव्हती. १९६६ साली अमेरिकी हवामानशास्त्रज्ञांनी न्यूझीलंडमधूनच असे फुगे पृथ्वीभोवती फिरवले होते आणि त्यांतले काही वर्षाहून अधिक काळ टिकले. लूनने त्यात सुकाणूची भर घातली. वेगवेगळ्या उंचीवर वारे वेगवेगळ्या दिशांना वाहतात. फुग्याच्या आतल्या पिशवीत पंपाने बाहेरची हवा भरली, की वजन वाढून तो खाली येतो. हवा सोडली, की वर जातो. हव्या त्या दिशेचा वारा शोधून त्यावर स्वार व्हायचे, हे काम संगणक करी.

वीज सूर्यपट्ट्यांतून मिळे. संदेश जमिनीवरच्या केंद्राकडून एका फुग्याकडे, तिथून दुसऱ्याकडे आणि शेवटी खालच्या मोबाइलकडे जाई. २०१७ साली पेरूतल्या पुरानंतर आणि त्याच वर्षी चक्रीवादळाने उद्ध्वस्त झालेल्या पोर्तो रिकोमध्ये, मनोरे पडलेले असताना, या फुग्यांनी लोकांचे मोबाइल जोडून दिले. ते काम खरोखर मोलाचे होते. जुलै २०२० मध्ये केनियात सुमारे ३५ फुग्यांनी ५० हजार चौरस किलोमीटरवर सेवा सुरू झाली. एक फुगा तर ३१२ दिवस आकाशात राहिला.

मग बारामतीवर का नाही?

महाराष्ट्रात हा प्रयोग करण्याबाबत राज्य सरकार आणि गुगल यांच्यात बोलणी झाल्याच्या बातम्या २०१५ मध्ये आल्या होत्या. २०१६ मध्ये केंद्र सरकारने सांगितले, की लूनसाठी सुचवलेल्या लहरी आपल्या मोबाइल सेवेच्या लहरींत अडथळा आणतील. प्रयोग पुढे गेला नाही.

पण समजा, परवानगी मिळाली असती. कागदावर हिशेब करू. सुरुवातीच्या काळात एका फुग्याची उपयुक्त कक्षा ४० किलोमीटर त्रिज्येची सांगितली जाई. क्षेत्रफळ सुमारे ५ हजार चौरस किलोमीटर. बारामती आणि इंदापूर तालुके मिळून तीन हजारांच्या आत आहेत. म्हणजे एक फुगा पुरावा! आता कंपास घेऊन नकाशावर बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या लासुर्ण्याला टोक ठेवा आणि ४० किलोमीटरचे वर्तुळ काढा. बारामती, इंदापूर, भिगवण, वालचंदनगर आत येतात. नीरेपलीकडचे अकलूजही येते. मोरगाव आणि सुपे मात्र बाहेर राहतात. ज्यांना गरज अधिक तेच बाहेर!

दुसरी गोष्ट, फुगा एका जागी थांबत नाही. एक वाहून गेला की दुसरा येऊन पोहोचायला हवा. केनियातला आकडा पाहा: ५० हजार भागिले ३५, म्हणजे एका फुग्याच्या वाट्याला सुमारे १,४०० चौरस किलोमीटर. हे जवळजवळ बारामती तालुक्याचे क्षेत्रफळ झाले. एक फुगा, एक तालुका. आणि तोही काही महिन्यांनी बदलायचा.

तिसरी गोष्ट, दिसणे वेगळे आणि पुरणे वेगळे. २०११ च्या जनगणनेत या दोन तालुक्यांची लोकसंख्या आठ लाखांच्या आसपास होती. एका फुग्याची संदेशवहनाची क्षमता तेवढ्यांत वाटायची, तर प्रत्येकाच्या पदरी थेंब-थेंब येणार. दाट वस्तीत जमिनीवरचे जवळजवळचे मनोरेच स्वस्त पडतात. विरळ वस्तीत फुगा शोभतो, पण तिथे त्याचा खर्च भरून देणारी माणसेही विरळ. या पेचातून लूनला वाट सापडली नाही. खर्च पुरेसा खाली आणता येत नाही, हे कारण देऊन जानेवारी २०२१ मध्ये प्रकल्प बंद करण्यात आला. दरम्यान, भारतात २०११ मध्ये मंजूर झालेली आणि पुढे ‘भारतनेट’ नाव मिळालेली ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना आणि २०१६ नंतर झपाट्याने स्वस्त झालेला मोबाइल डेटा यांनी बहुतेक खेड्यांचे चित्र बदलले होते.

चौथी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. फुग्याकडून मोबाइलकडे येणे सोपे असते. मोबाइलकडून फुग्याकडे जाणे कठीण. आपल्या हातातल्या मोबाइलची प्रक्षेपणशक्ती जास्तीत जास्त सुमारे ०.२ वॉट. टॉर्चच्या लहान दिव्यापेक्षाही कमी! मनोरा २ किलोमीटरवर असेल आणि फुगा २० किलोमीटरवर, तर अंतर दहापट, म्हणून पोहोचणारी शक्ती शंभरपट कमी. केनियातल्या चाचणीत मोबाइलकडे येणारा वेग सेकंदाला सुमारे १९ मेगाबिट, तर मोबाइलकडून जाणारा ४.७ मेगाबिट मिळाल्याचे प्रकल्पाने जाहीर केले होते. एकास चार हे प्रमाण. पॅरिसच्या वेढ्यात कबुतरांना जे सोसावे लागले तेच इथे रेडिओलहरींच्या वाट्याला आले.

जमिनीवरच्या सेवांतही येणारा वेग जास्त आणि जाणारा कमीच ठेवतात, कारण बहुतेक माणसे पाहतात अधिक आणि पाठवतात कमी, असे गृहीत धरलेले असते. हे गृहीतक शाळेला लागू करायचे का, हा प्रश्न शिक्षकांनी स्वतःला विचारायला हवा.

टाळेबंदीतला वर्ग

तो प्रश्न २०२० साली आपल्या दारात येऊन उभा राहिला. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलवर गेले. ‘असर’ या सर्वेक्षणाच्या २०२० च्या अहवालानुसार, ग्रामीण भारतातील शाळकरी मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हे प्रमाण ३६ टक्क्यांच्या आसपास होते. वाढ मोठी होती. परंतु सर्वेक्षणाच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले होती साधारण एकतृतीयांश. म्हणजे घरात फोन होता, तरी त्यातल्या कित्येक घरांत शाळा पोहोचली नाही.

आणि जिथे साहित्य पोहोचले, तिथे काय पोहोचले? चित्रफिती, प्रश्नपत्रिका, स्वाध्याय. खरे तर वरून खाली येणारे सारे. मुलाने आपल्या वहीतले अडलेले गणित छायाचित्र काढून पाठवले आणि त्याला ‘दुसऱ्या ओळीत हातचा राहिला’ असे उत्तर आले, असे किती वेळा घडले? ज्या शिक्षकांनी हे जमवले, फोन नसलेल्या घरी स्वतः चालत गेले, पारावर चार-चार मुले बसवून शिकवले, त्यांची मुले त्या काळातही शिकत राहिली. त्यांच्यापुरती परतीची वाट त्यांनी स्वतःच्या पायांनी तयार केली होती.

आजही पडणारी यंत्रे

फुग्यांचे युग मात्र संपलेले नाही. डेहराडूनमध्ये २०१८ साली मुंबईच्या आयआयटीने तयार केलेल्या, दोरीने जमिनीला बांधलेल्या फुग्यावरून इंटरनेट देण्याची चाचणी झाली. मनोरे कोसळले किंवा त्यांची वीज गेली, तर पूरग्रस्त वा भूकंपग्रस्त भागात असा फुगा तासाभरात उभा करता येणे शक्य आहे. कायमच्या सोयीसाठी नव्हे, तर अडचणीच्या वेळेसाठी फुगा, हे लूनच्या अनुभवाचे सार म्हणता येईल.

विज्ञानासाठी तर फुगे अजूनही जातात. होमी भाभा यांनी १९४५ साली बंगळूरहून विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी फुगे सोडले. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादला कायमचे केंद्र उभारले. तिथून २० एप्रिल २००५ रोजी गेलेल्या फुग्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा कुप्यांत भरून आणली. जयंत नारळीकर या प्रयोगाचे प्रमुख होते. हैदराबाद आणि पुणे येथील प्रयोगशाळांनी त्या हवेत जीवाणूंच्या तीन नव्या जाती शोधल्या.

या केंद्राच्या जाहीर सूचनेत विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर या रेषेच्या आसपास यंत्रे उतरू शकतात असे म्हटलेले असते. म्हणजे इंदापूरच्या वेशीपर्यंत! रंगीत हवाई छत्रीखाली पेटी दिसली तर ती उघडू नये, काही पेट्यांत उच्च दाबाची वीज असते. पोलिसांना किंवा केंद्राला कळवावे, कळवणाऱ्यास बक्षीस मिळेल. १९२८ सालची चिठ्ठी थोड्याफार फरकाने आजही तीच आहे. उपग्रहाने जगातला कोणताही बिंदू सापडतो, तरी शेवटी पेटी सांभाळून ठेवायला शिवारातला माणूस लागतो.

आपल्या वर्गात एक करून पाहावे. मुलांना सांगावे, की तुमच्या शेतात अशी पेटी पडली आहे. ती परत करताना शास्त्रज्ञांना तुम्ही एकच पत्र लिहू शकता. त्यात पेटी कुठे, केव्हा, कोणत्या स्थितीत सापडली, त्या वेळी वारा कुठून होता, हे नेमके लिहा; आणि बक्षिसाच्या बदल्यात तुम्हाला काय जाणून घ्यायचे आहे ते एक विचारा. पत्रे वर्गात वाचावीत. कोणाचे वर्णन नेमके आहे, कोणाचा प्रश्न चांगला आहे, यावर मुलांनीच चर्चा करावी.

मुलांचे प्रश्न आमच्याकडे जरूर पाठवावेत. त्यांतल्या ज्यांची उत्तरे आम्हाला देता येतील ती देऊ. जी येणार नाहीत ती जाणकारांना विचारू आणि इथेच छापू.